जाहिरातीतला साप
वाळवीच्या औषधाचा उग्र वास आला की मला हिंगणघाटातलं ते पत्र्याचं ऑफिस आठवतं. वाळवी आणि झुरळं मारणाऱ्या एका माणसाच्या ऑनलाइन जाहिराती मी तिथे बसून चालवायचो. लोक सर्चमध्ये जो शब्द टाकतात तो आपल्या वेबसाइटवरच्या कामाशी जुळला तरच जाहिरात दिसणार, असा नियम. त्या पावसाळ्यात लोक ‘साप’ फार शोधत होते. मी तो शब्द घातला, पण जाहिरात दिसेना, म्हणून वेबसाइटवर ‘सापांचा बंदोबस्त’ अशी एक ओळ घुसवली. जाहिरात दिसू लागली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी अल्लीपूरहून एका बाईचा फोन आला, तो मीच उचलला. तिला धाप लागली होती. “साप धरता ना तुमी? लवकर या जी, पोरगी पाळण्यात हाय अन् खाली साप बसून राह्यला.” मी म्हटलं, “ताई, आम्ही फक्त वाळवीचं काम करतो.” ती मग म्हणाली, “मंग तसं लिवलं काऊन?” मी तिला पाळणा हलवू नका, फोन ठेवू नका म्हणालो आणि मालकाच्या फोनवरून चौघांना विचारत तिच्या गावाजवळचा सर्पमित्र गाठला. तो पोचेपर्यंत आम्ही दोघं नुसता एकमेकांचा श्वास ऐकत होतो. शेवटी एका पुरुषाचा आवाज आला, “धरला.” पोरगी रडायला लागली, तिची आईही. मी ती ओळ तेव्हाच पुसली. आजही एखादं गिऱ्हाईक म्हणतं, “हाही शब्द टाका ना, चार क्लिक जास्त येतील,” तेव्हा मी विचारतो, “फोन आला तर जाल का?”