बत्तीस जीबीत मावणारा दादा

दादा बोटीवर असतो. मागच्या रजेत त्याने माझ्या जुन्या लॅपटॉपमधली बिघडलेली हार्ड डिस्क काढून बत्तीस जीबीची एवढीशी एसएसडी बसवली, विंडोजऐवजी लिनक्स टाकलं आणि म्हणाला, "बघ आता कसा पळतो." पळतो खरा. पण मूर्ती लहान, आणि कीर्ती त्याहून लहान. दर अपडेटला काहीतरी नवीन येऊन बसतं, जुनं उठायचं नाव घेत नाही. ‘जागा कमी आहे’ अशी पाटी रोज यायची, मी रोज बंद करायचे.

जागा खरी खाल्ली होती आईने. मोतीबिंदूमुळे फोनवर तिला दादाचा चेहरा नीट दिसत नाही, म्हणून कॉल लॅपटॉपवर. शिवाय प्रत्येक कॉल रेकॉर्ड करायचाच. वडीलही बोटीवर होते. रत्नागिरीत अशी घरं कमी नाहीत, आणि बोटीवरची पत्रं टाकून देणारं घर मी तरी पाहिलेलं नाही. आईची पत्रांची ट्रंक कधी भरली नाही. डिस्क भरते, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

परवा बोट बंदराला लागली. दादाला दुपारी थोडाच वेळ मिळणार होता. आई चांगली साडी नेसून, चष्मा पुसून समोर बसली. मी पासवर्ड टाकला. पडदा लुकलुकला आणि पुन्हा पासवर्डच मागू लागला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. डिस्क इतकी भरली होती की मलाच आत घेईना. असा संताप आला, वाटलं, डबडं विहिरीत टाकावं. पेन ड्राइव्ह घेऊ घेऊ म्हणता राहिला होता.

शेवटी नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावरून आत शिरले. तिथे चेहरे दिसत नाहीत, फक्त फायलींच्या तारखा.

"आई, जुने कॉल पुसावे लागतील."

"दुसरं काय तरी पूस गो."

"दुसरं होतं ते मागेच पुसलं."

तिने चष्मा काढून पुन्हा पुसला. मग म्हणाली, "गणपतीतला तेवढा ठेव. बाकीचे पूस. कुठले पुसलेस ते मला सांगू नको."

मी एकेक तारीख पुसत गेले. दादाचा राग येत होता, त्या डिस्कचा येत होता, आणि रडूही येत होतं.

पुन्हा पासवर्ड टाकला, या वेळी लॅपटॉपने आत घेतलं. पडद्यावर दादा आला, दाढी वाढलेला. पहिलाच प्रश्न, "लॅपटॉप बरा चालतोय ना?"

मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "झकास चालतो रे." आणि रेकॉर्डिंग सुरू कर म्हणून टेबलाखालून तिने माझा गुडघा दाबला.