देवघरातला झिरो बल्ब आणि धाकटी जाऊ

या ग्रुपात आमच्या घरचं कोणी नाही, म्हणून लिहिते.

काल घरात सेफ्टी स्विच बसवला, करंट कुठं गळला की आपोआप पडून लाइट तोडणारा, अठराशे रुपयांचा. सासूबाईंना कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून धाकट्या जावेनं हट्टानं आणवला. मी म्हणाले होते, वयामुळं होतं.

आज सकाळी पूजेला देवघरातला झिरो बल्ब लावला, तर स्विच पडून घराची लाइट गेली. वर केला, परत पडला. खरं सांगते, मनातून बरं वाटलं. सासूबाईंना म्हटलं, "देवालाच पसंत न्हाई हे."

जाऊ आयटीआय शिकलेली. तिनं सगळी बटणं बंद करून एकेक लावलं. स्विच फक्त देवघराच्या बटणावर पडला. बोर्ड उघडून ती हळूच म्हणाली, "ताई, बल्बची वायर अर्थिंगला कुणी जोडली? तोच करंट अर्थिंगमधून कूलरच्या पत्र्याला येऊन राह्यला."

मीच जोडून घेतली होती. जुनी वायर तुटल्यावर नवीचा खर्चा वाचवला होता.

तिनं वायर बदलली. सासूबाईंनी भीत भीत कूलरला हात लावला, मंग दोन्ही हात. "गुणाची गं माझी!" म्हणत कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. चौदा वर्षांत माझ्यासाठी एकदाही मोडली नाहीत.

"चूक कुणाची व्हती?" त्यांनी विचारलं.

"जुनी वायर होती, आई," जाऊ माझ्याकडं बघत म्हणाली.

मी देवापुढं वाती वळत बसले. खरं सांगितलं तर ती आणखी मोठी होते, आणि न सांगितलं तर तिचे उपकार. तुम्ही काय केलं असतं? जल्दी कळवा, संध्याकाळच्या आरतीआधी मला ठरवायचंय.