अण्णांच्या फटफटीचा उजवा मोनोग्राम

"फटफटी विकायची," असं अण्णांनी जेवता जेवता सांगितलं आणि मी हातातला घास परत ताटात ठेवला.

साल ऐंशी-एक्याऐंशी असेल. मंचरला आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. अण्णा म्हणजे माझे वडील. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास त्यांनी ती फटफटी घेतली आणि मागे हंडे-घागरी बांधून गावोगावचे आठवडे बाजार केले. आता गुडघा किक मारू देत नव्हता. शिवाय आदल्या दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. मागच्या सीटवर बसणारं माणूसच राहिलं नाही म्हटल्यावर अण्णांचं त्या गाडीत मन लागेना. मला मात्र ती जायला नको होती. आईची आठवण आली की ती मला त्या सीटवर पदर सावरत बसलेलीच दिसायची. गाडी गेली तर मी तिला बसवू कुठं?

गिऱ्हाईक पिंपरीचं होतं. शिंदे नावाचे फोरमन, मूळचे लातूरकडचे. आमच्या ओसरीवर गाडी बघून गेले होते. "इंजिन एक नंबर हाय. पर अण्णा, ही एका बाजूनं नवरदेव अन् एका बाजूनं म्हातारा दिसायली की! उजवा मोनोग्राम बदलून द्या, मी दसऱ्याच्या आत घेतो."

टाकीच्या दोन्ही अंगांना कंपनीच्या नावाचा धातूचा बिल्ला असतो ना, त्याला गॅरेजवाले मोनोग्राम म्हणतात. आमचा डावा चकचकीत होता, कारण गाडीची डावी बाजू कायम भिंतीकडे. उजव्यावर आईचा पराक्रम. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्यात तराजू, मापं, हातोड्या सगळं घासून पुजतात. त्यात ही फटफटीही आली. आई दर वर्षी चिंच आणि राख घेऊन तो मोनोग्राम खसाखसा घासायची. अण्णा ओरडायचे, "अगं, तो पितळेचा न्हाई, रुपेरी हाय!" पण ऐकेल ती आई कसली! घासून घासून चार-पाच वर्षांत वरचा मुलामा उडाला आणि आत खरंच पितळ निघालं. "म्हटलं नव्हतं?" आई कमरेवर हात ठेवून म्हणाली. भांडीवाल्याच्या बायकोला पितळ कळत नाही म्हणजे काय! पुढं अक्षरंही झिजली. फक्त त्यांच्या खाचांत लाल रंग तेवढा राहिला. "कंपनीचा रंग बघ कसला टिकाऊ," असं अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

तर नवरात्रातल्या एका सकाळी आम्ही बापलेक निघालो. पदर खोचून किक मी मारली. दोनदा फुसकी गेली आणि तिसऱ्यांदा गाडीनं अशी आरोळी ठोकली की समोरच्या काकू तांब्या घेऊन बाहेर आल्या. खेडचा घाट उतरायला लागलो. मी मागं बसून एकच घोकत होते, देवा, तो मोनोग्राम मिळू नये.

आज या रस्त्यानं जाणार असाल तर एक सांगते, चाकणचा चौक कंपन्यांच्या शिफ्ट सुटायच्या आत ओलांडा, नाहीतर गाडीतच संसार थाटावा लागेल. तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि बैलगाड्या. निघोजे गावाच्या अंगाला बाजरी उभी होती, जिथं आता कारखान्यांच्या भिंती संपता संपत नाहीत. बाजारातल्या एका टपरीवर आम्ही कांदाभजी घेतली. आई इथं दर खेपेला भजी खायची आणि शेवटचं भजं संपलं की म्हणायची, "बेसन शिळं हाय." अण्णांनी शेवटचं भजं खाल्लं, बोटं पुसली आणि हळूच म्हणाले, "बेसन शिळं हाय." मी हसायला गेले आणि डोळेच भरून आले.

मोशीला इंद्रायणी ओलांडली, भोसरीत कारखान्यांचे भोंगे ऐकले. कासारवाडीची पाटी दिसताच अण्णांना जरा चेव आला. "आपल्याच लोकांचं गाव गं हे," म्हणाले. आमचं आडनाव कासार नाही, धंदा तेवढा त्यातला, पण माणसाला आधार वाटत असेल तर वाटू द्यावा.

पिंपरीच्या बाजारात स्टेशनच्या अंगाला उस्मानभाईंचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकान कसलं, चार फळ्या आणि एक पत्रा. पण समोरच्या फळीवर कितीतरी गाड्यांचे मोनोग्राम तारेनं टांगलेले, उन्हात चमचमत होते. शिंदे फोरमन तिथंच उभे. "या या, मी तर सकाळधरनं वाटच बघायलो."

उस्मानभाईंनी आमची टाकी बघितली आणि हसले. "ये मॉडेल बंद होऊन जमाना झाला, अण्णा. नवीन कुठून येणार? पण एका जुन्या टाकीवरचा काढून ठेवलाय. उजवाच आहे, नशीब तुमचं." झालं! माझा नवस पाण्यात.

त्यांनी दोन स्क्रू काढून आमचा झिजलेला मोनोग्राम सोडवला. रॉकेलच्या डब्यात टाकायला नेला आणि सवयीनं त्यावर अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला. त्यांनी तो उजेडात धरला, नाकाजवळ नेला.

"अण्णा, हा कंपनीचा रंग नाही. कंपनीचा रंग असा हाताला येत नाही. हे कुंकू आहे. घरात पूजा कोण करतं?"

अण्णा स्टुलावर बसले होते ते उठून उभे राहिले. बाकी कुणाला काही कळायच्या आत मला कळलं. आई आधी घासायची, मग हळद-कुंकू लावायची, तेही सढळ हातानं. घासण्यात आदलं निघून जायचं आणि नवं खाचांत बसायचं. मागच्या खंडेनवमीनंतर घासायला तीच नव्हती. म्हणजे हे तिनं लावलेलं शेवटचं कुंकू होतं. वर्षभर ओसरीवर, आमच्या डोळ्यांसमोर.

"हिची आई करायची," अण्णा माझ्याकडे हात करून म्हणाले. "आता न्हाई ती."

उस्मानभाईंनी रॉकेलचा डबा पायानं बाजूला सारला. "मग हाच परत लावू का? फोरमनसाहेबांना मी समजावतो."

शिंदेही गडबडले. "तसं असंल तर राहू द्या अण्णा, गाडी घेऊन जावा. माझं काय, दुसरी बघतो."

मला वाटलं, जिंकले मी! आता परत किक मारायची आणि घर गाठायचं. अण्णांनी टाकीवर हात ठेवला. मग म्हणाले, "न्हाई. शब्द दिलाय. भिंतीला टेकवून ठिवली तर ही बी गंजंल आन् मी बी. नवा लावा. गाडी तुमची, एवढं आमचं."

त्यांनी तो मोनोग्राम रुमालात गुंडाळायचाही विचार केला नाही. तसाच सदऱ्याच्या खिशात ठेवला. शिंद्यांनी किक मारली आणि गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. इतका राग आला मला तिचा! आमच्याकडं तीन-तीन मारायला लावायची. आवाज बाजारात विरेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो.

परत एसटीनं आलो. खिडकीशी अण्णा, शेजारी मी. चाकणच्या आसपास समोरच्या बाईनं विचारलं, "बाबा, छातीला काय लागलंय का वो? रगत दिसतंय." पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर लाल डाग उमटला होता.

"रगत न्हाई बाई, कुंकू हाय," अण्णा म्हणाले, आणि खिशावर हात ठेवला तो मंचर येईपर्यंत काढला नाही.

चार दिवसांनी खंडेनवमी. आईला जाऊन वर्ष सरलं नव्हतं, त्यामुळे घरात घट नव्हते, सण नव्हता. अण्णांनी मात्र पाट मांडला. त्यावर तराजू, हातोडी आणि मधोमध तो मोनोग्राम. समोरच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "अवो, वरीस सरलं न्हाई अजून! सण करता व्हय?"

"सण न्हाई करत वैनी. तिचं काम राह्यलंय, ते करतोय."

मी चिंच भिजवून आणली होती. अण्णांनी माझा हात धरला. "ह्याला न्हाई. ह्याच्यावर नुसतं लाव." मी आईच्या कुंकवावर माझं कुंकवाचं बोट टेकवलं आणि मग दोघंही मनसोक्त रडलो, खोटं कशाला सांगू.

आता मी पिंपळे सौदागरला राहते. मंचरला जाते तेव्हा चारचाकीची काच वर असते आणि भोसरीचे भोंगे ऐकू येत नाहीत. उस्मानभाईंची फळी कुठं होती ते शोधायला गेले होते, सापडली नाही. अण्णा जाऊनही खूप वर्षं झाली. खंडेनवमीच्या पाटावर आता मुलाचा लॅपटॉप, सुनेच्या स्कूटरची किल्ली आणि तो मोनोग्राम. कंपनीचं नाव वाचता येत नाही, खाचा पार भरल्यात. सगळ्यात खाली आईचं कुंकू, वर आम्हा सगळ्यांचं.

गेल्या वर्षी सुनेनं उत्साहानं विचारलं, "आई, हा इतका काळा पडलाय, घासून देऊ का?" ती नवी आहे, तिला काय ठाऊक. तिला जवळ बसवून ही सगळी गोष्ट सांगितली. घरातलं सगळं पितळ आम्ही दोघी चिंचेनं घासून लख्ख करतो, तेवढं एक सोडून.