मामांच्या हाताचं माप

माझे मामा कवळ्या करतात. ज्याचे सगळे दात शाबूत आहेत अशा माणसाशी काय बोलावं, हे त्यांना कळत नाही. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी एक फिरती खुर्ची, समोरच्या फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे आणि प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. कोपऱ्यात पॉलिशच्या मशीनवर मामी बसते. ती मामांना अहो म्हणते, पण ऐकून घेते असं नाही.

रविवारी सकाळी मामा नेमबाजीच्या क्लबात जातात. एका हाताने पिस्तूल धरायचं आणि पंचवीस मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायची. साठ गोळ्या, जास्तीत जास्त सहाशे गुण. वर्षातून एकदा क्लबाक्लबांचा सामना होतो. संघात चौघे आणि पाचवा राखीव. मामा सलग अकरा वर्षं पाचवे आले. राखीव माणसाला एकच काम असतं, सामना संपल्यावर संघाचा फोटो काढायचा. क्लबाच्या भिंतीवर अकरा फोटो आहेत आणि एकातही मामा नाहीत. मामी मात्र पाहुण्यांना सांगते, की आमच्या ह्यांचा नेम फोटोत कधी चुकत नाही.

बाराव्या वर्षी मामांनी जाहीर केलं, की दोष पिस्तुलाचा आहे. क्लबाचं पिस्तूल दहा जणांच्या हातात फिरतं, ते आपल्या हाताला कसं बसणार? स्वतःचं घ्यायचं. परवान्याच्या चौकशीला पोलीस घरी आला, तेव्हा पिस्तूल कशाला हवं याचं उत्तर देता देता मामांनी त्याची हलणारी दाढ पाहून घेतली. परवाना मिळाला. दाढेचा उपयोग झाला असं मी म्हणत नाही, पण झाला असणार.

मग सुरू झाली निवड. ज्या माणसाने फ्रिज घ्यायला दोन वर्षं लावली, तो पिस्तूल काय आठवड्यात घेणार? माझ्याकडे गाडी असल्यामुळे दर शनिवारी मी मामांना बंदुकांच्या दुकानात न्यायची. दुकानदार शांत स्वभावाचा होता. सहा महिन्यांत आम्ही त्याचा तो स्वभाव घालवला. पहिल्याच दिवशी मामांनी एक पिस्तूल उचललं, भिंतीवरच्या घड्याळावर धरलं आणि रिकामाच चाप ओढला. दुकानदाराचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, या छोट्या काडतुसाला मध्यभागी नाही, तळाच्या कडेवर ठोका बसतो. आत काडतूस नसेल तर तोच ठोका नळीच्या कडेवर बसतो आणि पिस्तुलाची वाट लागते. मामांनी लगेच मान्य केलं. रिकाम्या तोंडाने दात वाजवले तर कवळी तडकते, तसंच हे, म्हणाले. दुकानदाराने त्यांच्या हातात एक खोटं काडतूस ठेवलं आणि स्वतः स्टुलावर बसला.

एक पिस्तूल नाकाशी जड होतं. एक इतकं हलकं, की हात थरथरला की तेही थरथरे. तिसऱ्याला जागोजागी फिरवायचे स्क्रू होते. ते क्लबाच्या सेक्रेटरींच्या आवडीचं होतं, म्हणून मामांनी नाक मुरडलं. सेक्रेटरी निवृत्त बँक मॅनेजर. संघात चौथे असतात आणि मामांना सर्वांदेखत ‘कवळीवाले’ म्हणतात. शेवटी मामांनी एक साधं, काळं, जुन्या घडणीचं पिस्तूल घेतलं. चाप पहाटेच्या झोपेसारखा अलगद सुटायचा. फक्त लाकडी मूठ त्यांच्या हाताला मोठी होती. दुकानदाराने तासून द्यायची तयारी दाखवली, तर मामा हसले. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडात वस्तू बसवतोय, माझ्या हातात मला बसवता येणार नाही?

घरी येऊन त्यांनी मापाची गुलाबी पेस्ट कालवली, पिस्तुलाच्या मुठीसारख्या लाकडी सांगाड्यावर थापली आणि हात आवळला. पेस्ट घट्ट झाल्यावर प्लास्टरचा हात ओतला आणि त्यावरून अक्रोडाच्या लाकडाची मूठ कोरली. रेघ न रेघ जमली होती. मामांना इतका आनंद झाला, की त्यांनी ती गिऱ्हाइकांना दाखवली. तोंड उघडं असल्यामुळे कुणाला काही बोलता आलं नाही.

पुढच्या रविवारी क्लबाच्या पिस्तुलाने पाचशे एकतीस मारणारे मामा चारशे सत्त्याण्णववर आले. त्याच्या पुढच्या रविवारी चारशे नव्वद. सेक्रेटरी म्हणाले, यंदा राखीवमध्येही एखाद्या नव्या माणसाला संधी द्यावी, असं त्यांच्या मनात आहे. निवड दोन आठवड्यांवर होती. मामा घरी आले आणि जेवले नाहीत. मला आधी हसू येत होतं, ते तिथे थांबलं.

मामीने उठून फळीवरचा तो प्लास्टरचा हात आणला आणि खिडकीपाशी धरला. बोटांची पेरं दबून चपटी झाली होती, अंगठ्याखालचा उंचवटा फुगलेला होता.

“ह्या पेशंटने दाबून धरलंय,” ती म्हणाली. “माप परत घ्यावं लागेल.”

मामा बघतच राहिले. दिवसातून दहा वेळा ते लोकांना सांगतात, जबडा सैल सोडा, आवळलेल्या तोंडाचं माप घेतलं तर कवळी फक्त भांडताना बसेल. आणि स्वतःचं माप त्यांनी दात-ओठ खाऊन घेतलं होतं. त्यांनी मुकाट्याने पेस्ट कालवली. पुन्हा हात आवळला गेला. तिसऱ्यांदाही तेच.

“नाही सुटत गं,” ते मामीला म्हणाले. “हात कापायला लागलाय माझा. यंदा नाही तर पुढं नाहीच. एकदा तरी समोर उभं राहायचंय, कॅमेऱ्याच्या मागे नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मामीने मला बोलावून घेतलं. मामा जेवून फिरत्या खुर्चीत झोपले होते, तोंड उघडं, हात बाजूला लोंबत. पिस्तूल आतल्या कपाटात कुलपात होतं. मामीने त्याच मोकळ्या लाकडी सांगाड्यावर पेस्ट थापली, तो त्यांच्या हातात ठेवला आणि एकेक बोट हळूच मिटवलं. मी कोपर धरून बसले. मामांना जाग आली, तेव्हा पेस्ट घट्ट होत आली होती.

“हलू नका,” मामी म्हणाली. “झोपा.”

आणि हा माणूस खरंच पुन्हा झोपला.

निवडीच्या दिवशी मामांनी नव्या मुठीने पाचशे अडतीस मारले. सेक्रेटरींना पाचशे छत्तीस पडले. मामा चौथे आले. मी रेंजच्या मागच्या बाकावर रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सामन्यात आमचा संघ सात क्लबांत सहावा आला. फोटो राखीव खेळाडूने, म्हणजे सेक्रेटरींनी काढला. एकच काढला. त्यात तिघे छाती काढून उभे आहेत आणि मामांचे डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं, जबडा लोंबलेला. मामी म्हणाली, मुद्दाम केलं मेल्याने. मामांनी मात्र मोठी प्रत काढून घेतली आणि चौकट करून फिरत्या खुर्चीच्या बरोबर समोर लावली.

आता एखादं गिऱ्हाईक माप देताना तोंड आवळायला लागलं, की मामा बोटाने भिंतीकडे दाखवतात.

“असा सोडा जबडा,” ते म्हणतात. “त्या चौथ्या माणसासारखा.”