भुशाचे दाणे

काल दुकानात एक मुलगी मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालायच्या दाण्यांची पिशवी घेत होती. भुशाचे ते गोल दाणे पाहिले आणि मला वहिनी आठवल्या.

आमच्या म्हाताऱ्या मांजरीला जिना उतरवेना, म्हणून घरात वाळूचं घमेलं ठेवलं होतं. घरभर वास सुटायचा. वहिनींनी भुसा आणि शाडूची माती मळून वाटाण्याएवढे दाणे वळले, गच्चीवर वाळवले. ते भिजले की चिखल व्हायचा. मग त्यांनी माती कमी केली, तांदळाची पेज घातली. किती खेपा झाल्या कोण जाणे! घरातल्या साध्यासुध्या सोयी अशाच कुणीतरी हात माखून शोधलेल्या असतात.

एके दुपारी त्या घमेलं घेऊन माझ्यासमोर आल्या. "भावजी, तुम्ही रसायनशास्त्र शिकवता. बघा बरं, आता वास येतोय का?"

"मांजरीच्या मुतासाठी एवढं डोकं, वहिनी?" मी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही. सगळे हसले. त्याही हसल्या. पुन्हा मात्र त्यांनी दाणे वळले नाहीत.

वहिनी आता नाहीत. आधी नीट पाहा, मग बोला, असं मी जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आलो. त्या दुपारी वास येत होता की नाही, हे मला आजही माहीत नाही.