उस्मानभाईंची करवत

उस्मानभाई सुतार आपली कुऱ्हाड कधीही कोणाच्या हातात देत नसत. ती जमिनीवर आडवी ठेवत, दोन पावले मागे सरत आणि म्हणत, "आता उचला." मी एकदा कारण विचारले. "एका दांड्यावर दोघांचा हात आला, की दोघंबी समजतात दुसऱ्यानं धरलीय," ते म्हणाले. हसनाबादेत जन्मभर दारे-चौकटी घडवलेल्या या गृहस्थांकडून मी, विज्ञानाचा शिक्षक, बरेच काही शिकलो.

दिवाळीच्या सुट्टीत कदम सर, पाटील सर आणि मी त्यांना घेऊन अजिंठ्याच्या डोंगररांगेत आडवाटेला तंबू ठोकत असू. निघण्यापूर्वी ते करवतीच्या दात्यांवर सायकलची चिरलेली ट्यूब चढवत आणि कुऱ्हाडीच्या पात्याला गोणपाट गुंडाळत. दोन्ही हत्यारे जीपच्या तळाशी, पात्याची बाजू आत करून ठेवली जात.

"उस्मानभाई, डोंगराला दार बसवायचंय का?" कदम सर दरवर्षी विचारत.

"बसवू की. तुम्हाला बाहेर ठेवून."

चुलीसाठी ते केवळ पडलेले, वाळलेले लाकूड घेत. "ज्याला पालवी हाय, त्याच्याशी आपलं काम न्हाई," हा त्यांचा नियम होता.

दोन वर्षांपूर्वीच्या मुक्कामात रात्रभर वारा सुटला होता. सकाळी कदम सरांनी बुटात पाय घातला आणि विंचवाने डंख मारला. थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला, उलट्या सुरू झाल्या, हात गार पडले. आम्ही त्यांना जीपमध्ये निजवले. दवाखाना वीस किलोमीटरवर होता आणि फोनला रेंज नव्हती. पाटलांनी गाडी काढली. जेमतेम कोसभर गेलो, तोच पुढे वाट बंद. दोन दरडींमधल्या अरुंद गाडीवाटेवर वाळलेले सालईचे झाड आडवे पडले होते. वळसा घालायला जागा नव्हती.

मी करवत घेऊन उडी मारली आणि खोडाच्या मधोमध, वरून, जिवाच्या आकांताने कापू लागलो. पाते निम्मे आत गेले आणि असे अडकले की पुढेही जाईना, मागेही येईना. मी हिसके देऊ लागलो.

"सर, सोडा ती. मोडाल." कदम सरांचे डोके पाटलांच्या मांडीवर देऊन उस्मानभाई खाली आले होते. "अगोदर लाकूड बघा. दोन्ही टोकं दरडीवर टेकल्याती, मधी ओझं लटकलंय. वरून कापाल तसं तोंड मिटत जातंय."

तुळईवर भार आला की वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. हे मी फळ्यावर कितीतरी वर्षे शिकवत आलो होतो. लाकडात ते मला दिसले नव्हते.

त्यांनी एका फांदीची पाचर तासली आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ती कापात ठोकली. पाते मोकळे झाले. मग गुडघ्यावर बसून त्यांनी खालून वर करवत चालवली. भुसा त्यांच्या दाढीत साचत होता. "जल्दी हाय म्हणूनच सावकाश," ते पुटपुटले. कडाड् आवाज झाला आणि खोड खाली बसले. आणखी एक काप घेऊन मधला ओंडका आम्ही दोघांनी लोटला. पाटील पुन्हा स्टिअरिंगवर बसले आणि मी कदम सरांना धरले. उस्मानभाई मात्र चढले नाहीत.

"चला ना, उस्मानभाई."

"तुम्ही व्हा पुढं. ही दोन टोकं वाटेवर आल्याती. एखाद्या बैलाचा डोळा जाईल."

दुपारी पाटलांना दवाखान्यात ठेवून मी त्यांना आणायला परतलो. वाट स्वच्छ झाली होती, फांद्या कडेला रचलेल्या होत्या आणि उस्मानभाई रस्त्याच्या मधोमध उभे होते.

"कदम सर?"

"शुद्धीवर आहेत. चहा मागितला."

"साखर घालून?"

"दोन चमचे."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले आणि मगच खाली बसले.