भागुजींचं अर्थिंग

आजही नळाला हात लावण्याआधी मी पायात चप्पल आहे ना, ते बघतो. त्याला कारण भागुजी.

आणे गावच्या या माणसाने आयुष्यभर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरल्या, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून दिली. २००३ साली लेकीसाठी, तेजस्विनीसाठी, पुण्याहून जुना कॉम्प्युटर आणला आणि तोही स्वतःच उघडून बसला. स्क्रीन काळी पडली की रॅमची पट्टी काढायची, खोडरबराने घासायची, परत बसवायची. गावातल्या पाचही कॉम्प्युटरांचे तेच डॉक्टर झाले.

कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या, कारण आमच्या घरांना अर्थिंगच नव्हतं. भागुजींनी त्या पत्र्याच्या स्क्रूला वायर बांधली आणि तिचं दुसरं टोक अंगणातल्या नळाच्या लोखंडी पाइपला. पाइप जमिनीत, म्हणजे करंटही जमिनीत. झिणझिण्या थांबल्या. मीही घरी तसंच करून घेतलं, वर गावभर त्यांची तारीफ केली.

त्यांची बायको जानकाबाई मात्र मे महिन्यापासून कुरकुरत होती. "भांडी घासताना हाताला मुंग्या येत्यात वो."

"वय झालं तुझं," भागुजी म्हणायचे. मी हसायचो. लिहितानाही लाज वाटते.

जुलैत एका दुपारी कॉम्प्युटर सुरूच होईना. मी शेजारी बसलो होतो. भागुजींनी आतला पॉवर सप्लाय काढून एका भंगार कॉम्प्युटरमधला बसवला. पंखा फिरला, स्क्रीन उजळली, आणि अंगणात म्हैस जोरात रेकली. नळाला टेकवलेल्या पत्र्याच्या टाकीत पाणी पीत होती, ती दावं तोडून पळाली. जानकाबाई कळशी घेऊन नळाकडे निघाली होती. अनवाणी.

"जागची हलू नको," भागुजी ओरडले. अंगणात धावत येऊन खिशातला टेस्टर त्यांनी नळाला लावला. टेस्टरचा दिवा पेटला. मी आत धावून प्लग उपटला, तेव्हा तो विझला.

पाइप जमिनीतून वर येतो तिथे हातभर प्लॅस्टिकचा तुकडा होता. उन्हाळ्यात पाइप गंजून गळायला लागला तेव्हा भागुजींनीच तो जोडला होता. त्या दिवसापासून करंट जमिनीत जातच नव्हता, नळात येऊन थांबत होता. आणि आज भंगारातल्या बिघडलेल्या सप्लायने तर सगळाच करंट पत्र्यावर सोडला होता. भागुजी चिखलातच खाली बसले. चाळीस वर्षं विजेत हात घातलेला माणूस तो.

"दोन महिनं सांगतीय मी," जानकाबाई म्हणाली. कळशी अजून कमरेवरच होती.

भागुजींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाइपलाही तसाच तुकडा त्यांनीच जोडला होता. आम्ही दोघंही माझ्या घराकडे पळत सुटलो. माझी बायको प्रयाग नळावर हात धूत होती. मी तिला ओढून बाजूला घेतलं.

"तुझ्या हाताला मुंग्या येत्यात का गं?"

"येत्यात की," ती म्हणाली. "तुमी हसाल म्हणून बोलले न्हाई."